डक्टमधली पपई

पिशवी रमणीकभाईंनी झाडूच्या दांड्याला अडकवून जिने चढून वर आणली आणि योगराजच्या दारात अशी धरली, की आतलं सगळं दिसावं. गंगाफळाच्या साली, रोटांचे तुकडे, खिरीने चिकटलेल्या पत्रावळीच्या फाटक्या कडा. मुंग्यांनी पिशवी काळी झाली होती.

"योगराजभाई, आ तमारुं छे ने?" सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज चढलेला नव्हता, आणि योगराजला तेच जास्त लागलं. "डक्टमां पडेलुं हतुं. बीजुं कोण खाय आवुं?"

दुसरं कोण खातं असलं, हा प्रश्न खराच होता. सुरतेतल्या उधन्याच्या त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये खानदेशातलं हे एकच घर. रविवारी याच घरात त्यांची देवी कानबाई बसली होती, सोमवारी वाजतगाजत तापीवर गेली होती, आणि मागे उरलं होतं ते तिच्या प्रसादाच्या रोटांचं, गव्हाच्या जाड पोळ्यांचं, खरकटं. रोट कुळाबाहेर जात नाही. बाहेरच्याने खायचा नाही, बाहेरच्याचा हात लागायचा नाही, सालसुद्धा केरात जायची नाही. जे उरेल ते मातीत पुरायचं. आणि आता ती साल झाडूवालीने उपसून, रमणीकभाईंनी दांड्यावर घालून, चार मजल्यांच्या डोळ्यांसमोरून वर आली होती.

योगराज खाली मान घालून उभा राहिला. कापड विणणाऱ्या लूमखात्यात चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती, तिथे तो कुणाचं ऐकून घेत नसे.

"संध्याकाळपर्यंत नाव द्या," रमणीकभाई आता हिंदी-मराठीत बोलू लागले. "घर नहीं, नाम. जिसने फेंका उसका. खालच्या पाटियावर लिहिणार. ठराव सगळ्यांनी केलाय, तुम्ही पण सही केलीय."

सही त्याने केली होती. दोन वर्षांपूर्वी प्लेगने अख्खं शहर पळालं होतं. हे लोकही गाडीच्या टपाला लटकून गावी गेले होते. परत आले तेव्हा सुरत वेगळीच झाली होती. रस्ते धुतले जायला लागले, कचरा टाकणाऱ्याला दंड व्हायला लागला, आणि बिल्डिंगीतल्या लोकांना एकमेकांच्या केराची खडान्‌खडा माहिती व्हायला लागली. दोन बिल्डिंगींच्या पाठींमधली ती चिंचोळी जागा, जिला सगळे डक्ट म्हणत, ती गेल्या उन्हाळ्यात साफ करून तिथे सिमेंटचा कोबा घातला होता. गेटपाशी काळा फळा लागला. त्याच्यावर अजून कुणाचंच नाव लागलेलं नव्हतं.

"पहिलं नाव आपलंच," रमणीकभाई गेल्यावर योगराज म्हणाला. "आधीच म्हणतात, घाटी लोकं घाण करतात."

त्याने पिशवी न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवली आणि हात साबणाने दोनदा धुतले. मग धाकट्या भावाला हाक मारली. सुकदेव डाइंग मिलमधून पाळी करून नुकताच आडवा झाला होता.

"सुकदेव! तू लयी जानार व्हता ना रे हाई, तापीवर?"

"मी?" सुकदेव उठून बसला. "माले वाटनं तुम्ही लयी गयात. विसर्जनना टायमाले पिशव्या तुमना हातमा व्हत्यात."

"मना हातमा नारळ व्हतं!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नाना होते तोवर हा प्रश्नच नव्हता. दगानाना, दोघांचे वडील, गेल्या थंडीत गेले. त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर, असे या घराचे दोन भाग पडले होते, आणि दुसऱ्या भागात प्रत्येक काम दुसऱ्याचं होतं.

वत्सला, योगराजची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही पिशवी बघितली का नीट?"

"काय बघायचं तिच्यात?"

"पिशवी कुणाची आहे ते बघा."

पिशवी पारदर्शक होती, वर शेठच्या साडीच्या दुकानाचा लाल शिक्का. असल्या पिशव्या घरात एकाच बाईकडे यायच्या. योगिता, सुकदेवची बायको, साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घरी आणत असे. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ती मांडीवर साडी पसरून बसली होती, बोटांना डिंक लागलेला.

"पिशवी माझी आहे," योगिता म्हणाली. "पण या घरात मीठसुद्धा माझ्याच पिशव्यांत असतं."

"काल दुपारी मी खाली प्रमिलाबाईंकडे होते," वत्सला म्हणाली. तिचा आवाज हळू होता, पण दारापर्यंत पोचेल इतका. "घरात तूच होतीस."

"आत्या पण होत्या." सासूला ती आत्या म्हणे.

योगराज चिडला. "माय?" तो म्हणाला. "रोटाचा दाणा पायाखाली आला तर जी तोंडात पाणी घेत नाही, ती टाकेल?"

आतल्या खोलीत देवापुढे त्याची आई, सरलाबाई, वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बोटं तेवढी थांबली, मग पुन्हा कापसावर फिरायला लागली.

"माझं एकच म्हणणं आहे," योगराज म्हणाला, आणि हे तो सगळ्यांना ऐकवत होता. "ज्यानं टाकलं असेल त्यानं सांगावं. नाही सांगितलं आणि नंतर कळलं, तर आजपासून चुली दोन. आणि कानबाईसुद्धा दोन."

त्याने दारात चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. सुकदेवने बायकोकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि काही न बोलता पुन्हा आडवा झाला. योगिताने ते पाहिलं. टिकली साडीऐवजी तिच्या नखावर बसली.

*

कानबाई दोन म्हणजे काय, हे योगिताला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा जन्म सुरतचा, गुजराती शाळेत शिकलेली, अहिराणी तिला समजायची पण जिभेवर नीट बसायची नाही. तरी तिच्या माहेरी हेच होतं. चुली वेगळ्या झाल्या तरी भाऊ सणाला एकत्र जेवतात. रोट वेगळे झाले की मग भाऊच राहत नाहीत. तिच्या दोन काकांची पोरं आज एकमेकांच्या लग्नात जात नाहीत, ते असल्याच एका रोटावरून.

आणि वत्सलाताईंना हेच हवंय का, असं तिच्या मनात आलं. सुकदेव-योगिता झोपतात ती खोली मोकळी झाली, तर सर्वात आधी कुणाची ट्रंक तिथे जाईल, हे तिला माहीत होतं.

संशयाला एकदा जागा दिली की तो पाहुण्यासारखा पाय पसरून बसतो. तिने मनातल्या मनात काल दुपारचा हिशोब लावला. ती स्वतः शेठच्या माणसाला तयार साड्या द्यायला खाली गेली होती. वर आली तेव्हा वत्सलाताई नव्हत्या. रोटांची पिशवी रविवारपासून स्वयंपाकघराच्या खिळ्याला होती, बुधवारी सकाळी तिला मुंग्या लागल्या होत्या. संध्याकाळी ती खिळ्यावर नव्हती. तिला वाटलं, सुकदेव घेऊन गेला.

ती उठली आणि डक्टवरच्या खिडकीपाशी गेली. खिडकीला गज होते, एक गज खालून मोडलेला. तिथून हात बाहेर जाई. खाली पाहिलं तर कोबा ओला, झाडूवालीने नुकताच धुतलेला.

मग तिचं लक्ष खिडकीच्या फरशीवर गेलं. तिथे कुंकवाचं बोट टेकलेलं होतं आणि शेजारी हळदीची चिमूट. झेंडूच्या दोन पाकळ्या सुकून चिकटल्या होत्या.

योगिता तिथेच उभी राहिली. कचरा टाकणारं माणूस कुंकू लावून कचरा टाकत नाही. शिवाय पिशवीची गाठ! रविवारी तिला गाठ मारलेली होती आणि रमणीकभाईंच्या दांड्यावर तिचं तोंड मोकळं होतं. फेकणारा गाठ घट्ट करतो. इथे तर ती सोडलेली होती, आतलं मातीला लागावं म्हणून.

पण माती कुठे होती? मे महिन्यापासून खाली कोबा आहे हे घरातलं पोरसोर जाणतं. मे महिन्यात जे सुरतला होतं ते प्रत्येक माणूस जाणतं.

मे महिन्यात आत्या गावी होत्या, नंदेच्या घरी. आल्या त्याला आता दोनेक महिने झाले. रोज सकाळ-संध्याकाळ याच खिडकीत त्या उभ्या राहतात. मग त्यांना दिसलं कसं नाही?

हा प्रश्न मनात आला आणि मग एकामागून एक आठवत गेलं. रोटाचा घास घेताना योगराजदादांच्या दाताखाली खडा कचकन वाजला होता. वत्सलाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "धाकटीच्या हातचे गहू, दुसरं काय." गहू तिने निवडलेच नव्हते. पूजेला जोडपं लागतं, म्हणून नाना गेल्यावर पाटावर दादा आणि ताई बसले. आत्यांकडे राहिलं ते रोटाचे गहू निवडणं. ते त्यांनी कुणाला करू दिलं नव्हतं. आणि आत्या हल्ली हाक मारायच्या आधी विचारतात, "कोन शे?" तिला वाटायचं, वयाची सवय.

ती आतल्या खोलीत गेली आणि सासूजवळ बसली.

"कोन शे?" सरलाबाई म्हणाल्या.

"मी." योगिताने थोडं थांबून विचारलं, "आत्या, नाना रोटाचं कुठे पुरायचे हो?"

सरलाबाईंचा चेहरा सैल झाला. "खाले. डक्टमा. त्या लहान दरवाजातीन खुरपं लयीसन जायेत. चोरीछिपे. त्या सेक्रेटरीले माहित नही व्हतं." त्या हसल्या. "तठेच त्यास्नी पपई लायेल व्हती. रोटना खतवर आनी. आते मोठी जयी व्हई, नही? खिडकीपर्यंत उनी व्हई."

पपई मे महिन्यात तोडली होती. बुंधा काढला होता, आणि त्याच्यावर सिमेंट ओतलं होतं.

योगिता जवळ सरकली. ती सासूच्या डोळ्यांकडे बघत राहिली. बाहुल्यांवर दुधाची साय धरावी तसा पांढुरका पडदा होता, आणि तो एका दिवसाचा नव्हता.

आता तिला सगळं माहीत होतं. उठून बाहेर जायचं, सुकदेवला हलवून जागं करायचं, दादांना बोलावायचं आणि सांगून टाकायचं. एवढंच करायचं होतं. पण ती गेली नाही. तिला राग आला होता, आणि तो कुणावर जास्त हे तिला कळत नव्हतं. मघा सगळे तिच्याकडे वळले तेव्हा या बाईने हे सगळं ऐकलं होतं. भिंतीपलीकडे बसून ऐकलं होतं, आणि वाती वळत राहिली होती. आणि सुकदेवने तोंड उघडून मिटलं होतं. दोघांपैकी एकजण तरी आज बोलतो का, हे तिला बघायचं होतं.

*

दिवेलागणीला रमणीकभाई आले. शर्टाच्या खिशात खडू होता.

वत्सलाने त्यांना खुर्ची दिली आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. दुपारभर तिच्या मनात एकच गोष्ट खुपत होती. रविवारी रोटांचं सारं खरकटं गोळा करून पिशवीत भरलं ते तिनेच. धाकटीची पिशवी हाताला लागली, तीच वापरली. सकाळी हे सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण तेव्हा सगळे योगिताकडे बघत होते आणि त्यात तिला, का कोण जाणे, बरं वाटलं होतं.

तिला पक्कं वाटत होतं की टाकलं धाकटीनेच. शहरातली पोरगी, तिला काय रोट आणि काय केर. पण दुपारपासून योगिता एक शब्द बोलली नव्हती. कबूल करत नव्हती, नाकारतही नव्हती. खोटं बोलणारं माणूस जास्त बोलतं. हे गप्प बसणं वत्सलाला आवडत नव्हतं.

"तो, नाम?" रमणीकभाई म्हणाले.

योगराज उभा राहिला. "योगिता, शेवटचं विचारतो," तो म्हणाला.

"विचारा ना दादा," योगिता म्हणाली. "पण मला एकटीलाच का विचारता?"

"पिशवी तुझी, घरात तू. आणखी काय पाहिजे?"

"सुकदेव, तुम्ही सांगा," योगिता नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला वाटतं, मी टाकलं?"

सुकदेवने मोठ्या भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग फरशीकडे. "तू कबूल कर ना," तो म्हणाला. "विषय संपी जाई. एक नाव लिखायी, दोन दिनमा पुसायी जाई."

योगिता हसली. ते हसू बघून वत्सला चौकटीपासून सरळ झाली.

"लिहा मग," योगिता रमणीकभाईंना म्हणाली. "आणि दादा, चुली दोन करा."

"थांब." आतल्या खोलीच्या दारात सरलाबाई उभ्या होत्या. एक हात चौकटीवर. "तिनं नाव लिखू नको. मी टाकी."

मग योगराजने कपाळावर हात मारला.

"माय, तू कसाले मधमा पडस? तिले वाचाडाकरता खोटं बोलस?"

"खोटं नही रे. खिडकीमातीन टाकी. गाठ सोडी, कुकू लायं, अन टाकी. मुंग्या लागी गयथ्या. तुम्ही दोन्ही भाऊ एकमेकनं तोंड दखी ऱ्हायनात, रोट खिळाले टांगेल. तुना बाप जठे पुरे तठेच टाकी. मातीमा."

"माती?" योगराजचा आवाज चढला. "कोनती माती? खाले कोबा शे माय! मे महिनापासीन शे. तू रोज त्या खिडकीमा हुभी ऱ्हास!"

"कोबा?"

"शिमिट! फरशी!"

सरलाबाईंचा चौकटीवरचा हात खाली आला. "अन पपई?" त्यांनी विचारलं.

योगराजला तेव्हा कळायला सुरुवात झाली होती, आणि त्याच्याने ते सहन होत नव्हतं हे वत्सलाला त्याच्या मानेवरून दिसलं.

"पपई तोडली आत्या," योगिताच म्हणाली. "उन्हाळ्यात."

"माले हिरवं दिखस," सरलाबाई म्हणाल्या. "खाले दखं का हिरवं दिखस." मग त्यांनाच ते पटलं नसावं. "नही. दिखत नही. सुकदेव, योगराज, माले काही दिखत नही रे बापा. दिवा लायेल शे का नही, तेबी गरमवर समजस."

"मग सांगं का नही?" योगराज म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

"सांगं असतं तं गहू निवाडानं काम मना हातमातीन काढी लेतात. तुना बाप गया, पाट गया. तेवढंच ऱ्हायेल व्हतं." त्या थांबल्या. "सकायलेच सांगाले जोयजे व्हतं. पोरगीनं नाव उनं तवय. भ्याय गयी."

रमणीकभाईंनी खिशातला खडू काढला, पाहिला, परत खिशात ठेवला. "मारी बा ने पण मोतियो हतो," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. माझ्या आईलाही मोतीबिंदू होता. मग उठताना जरा कडक होऊन पुढे म्हणाले, "पण नाव लागेल. ठराव ते ठराव."

"लिहा," योगराज म्हणाला. "योगराज दगा. पुरायचं काम थोरल्याचं असतं. मी केलं नाही."

रमणीकभाईंनी मान हलवली आणि ते गेले. योगराज न्हाणीत गेला, पिशवी उचलली, या वेळी दांड्याने नव्हे, दोन्ही हातांनी. कामरेजकडे लूममधल्या एका कामगाराचं शेत होतं, तिथे माती मिळाली असती. सुकदेव चपला शोधायला लागला.

"मी पण येस दादा," तो म्हणाला, आणि दारात बायकोपाशी अडखळला. "योगिता..."

"जा तुम्ही," योगिता म्हणाली. "निदान हे तरी दुसऱ्यावर ढकलू नका."

*

दोघे भाऊ गेले. घरात तिघी बायका राहिल्या, आणि नेमके त्याच वेळी दिवे गेले. उधन्यात ते रोजच जात. मेणबत्ती शोधायला कुणी उठलं नाही. लूमचा खडखडाटही थांबला, त्यामुळे खालच्या मजल्यावरचं भांडंसुद्धा ऐकू यायला लागलं.

सरलाबाई चौकटीपासून सरकत आल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या. "योगिता," त्या म्हणाल्या, "पुढला सालना गहू तू निवाड."

थोरली वत्सला होती. पाटावर ती बसली होती. गहू तिच्याकडे यायला हवे होते, हे तिला कालपर्यंत धरूनच चालता आलं होतं.

अंधारातून योगिताचा आवाज आला, अगदी कोरडा. "पुढच्या साली मी या घरात असेन, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

सरलाबाईंसाठी अंधार होता तसाच होता. त्यांनी हात पुढे केला, फरशीवरून चाचपत आणला, आणि तो वत्सलाच्या हातावर येऊन थांबला. त्यांनी तो घट्ट धरला, कपाळाला लावला.

"माले माफ कर बेटा," त्या म्हणाल्या. "तुनावर सगळा घरनं बोट व्हतं अन मी गप बसनू. तुना काही गुन्हा नही व्हता. माले माफ कर."

वत्सलाच्या घशात शब्द आला, मी वत्सला, पण तो तिने बाहेर येऊ दिला नाही. तिच्या हातावर सासूच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. पिशवी तिने भरली होती. खडा निघाला तेव्हा नाव तिने घेतलं होतं. बोट पहिलं तिचं होतं.

तिने दुसरा हात अंधारात लांब केला. योगिताचं मनगट सापडलं. बोटांना डिंक होता. तिने तो हात ओढून आणला आणि स्वतःचा काढून घेऊन सासूच्या मुठीत दिला.

"पिशवी मी भरली होती," ती योगिताला म्हणाली. "रविवारी. मी सांगितलं नाही."

योगिताने हात मागे घेतला नाही.